दुकानांची उघडझाप : किरकोळ व्यापाराचा दोन दशकांचा हिशेब

१. प्रश्न

किरकोळ व्यापाराविषयी दोन परस्परविरोधी बातम्या अनेकदा एकाच आठवड्यात वाचायला मिळतात. एकीत अमुक साखळीने वर्षभरात शेकडो नवी दुकाने उघडल्याचे असते, दुसरीत लाखो किराणा दुकानांना टाळे लागल्याचे. वाचणारा आपल्या कलानुसार एक खरी मानतो आणि दुसरी सोडून देतो. वास्तविक दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुकाने उघडणे आणि बंद होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत आणि त्यांतली एकच पाहिली तर निष्कर्ष हमखास चुकतो.

या विवेचनाचे प्रतिपादन असे आहे : दुकान ज्या वर्षी बंद पडते, त्याच वर्षात त्याचे कारण सापडेलच असे नाही. बहुतेक वेळा ते दुकान ज्या अटींवर उघडले त्या अटींत असते. जागा कोणाची, भाडे किती, भांडवल कोणाचे आणि माल किती वेगाने फिरतो, या चार गोष्टी शटर पहिल्यांदा वर जाते तेव्हाच बऱ्याचशा ठरलेल्या असतात. मंदी, महामारी किंवा ऑनलाइन स्पर्धा येते तेव्हा या अटींची परीक्षा होते.

२. साठा आणि प्रवाह

विवेचनासाठी चार संख्या वेगळ्या ठेवाव्या लागतात : वर्षारंभी असलेली दुकाने, वर्षात उघडलेली, वर्षात बंद झालेली आणि या दोहोंतील निव्वळ फरक. पहिली संख्या साठा दाखवते, दुसरी आणि तिसरी प्रवाह. चर्चा बहुधा साठ्याची किंवा निव्वळ फरकाची होते, पण घडामोड सगळी प्रवाहात असते.

साठा किती स्थिर असू शकतो हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून दिसते. २०१५-१६ मधील ७३व्या फेरीत असंघटित क्षेत्रातील व्यापारी आस्थापनांची संख्या सुमारे २.३० कोटी आढळली होती. २०२२-२३ च्या असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीत ती सुमारे २.२६ कोटी होती. यात घाऊक व्यापारही धरलेला आहे आणि दोन पाहण्यांच्या पद्धतींत थोडा फरक आहे, म्हणून चार लाखांच्या फरकावर काही उभारता येणार नाही. तरीही ढोबळ चित्र स्पष्ट आहे. मधल्या सात वर्षांत नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी झाली, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि मोबाइलवरून खरेदी घरोघर पोहोचली. एवढे होऊनही साठा जवळपास जागच्या जागी राहिला.

याचा अर्थ काहीच घडले नाही असा होत नाही. जेवढी दुकाने गेली, साधारण तेवढीच नव्याने आली. नोकरी गेलेला माणूस घराच्या पुढच्या खोलीत बिस्किटे आणि साबण मांडून बसतो, तेव्हा पाहणीत एका आस्थापनेची भर पडते. पेठेतले जुने दुकान बंद होते, तेव्हा एक वजा होते. हिशेबात बाकी शून्य येते, पण विक्री, उत्पन्न आणि रोजगार या दृष्टीने ही दोन दुकाने मुळीच सारखी नसतात.

३. मोजणीच्या अडचणी

प्रवाह मोजणे अवघड का, हेही पाहायला हवे. देशातील सर्व आस्थापनांची शिरगणती म्हणजे आर्थिक गणना. २०१३-१४ च्या सहाव्या गणनेत ५.८५ कोटी आस्थापना नोंदल्या गेल्या. सातव्या गणनेचे क्षेत्रकाम २०१९ मध्ये सुरू झाले, पण तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले नाहीत. त्यामुळे गल्लीपातळीवरचे अलीकडचे संपूर्ण चित्र हाती नाही.

महाराष्ट्रात दुसरा आधार होता तो गुमास्ता नोंदणीचा. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली छोट्या दुकानालाही नोंदणी करून परवाना लावावा लागे. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी धंदा सुरू केल्याची सूचना दिली की पुरते. दुकानदाराच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता, अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र माहितीची एक वाट अरुंद झाली. सुरू झाल्याची सूचना बँकेत खाते उघडण्यासाठी तरी दिली जाते. बंद झाल्याचे कळवण्यात कोणाचाच फायदा नसतो, म्हणून कागदावर दुकाने उघडतात ती जास्त आणि मिटतात ती कमी.

वस्तू व सेवा कराची नोंदणीही पुरेशी ठरत नाही. केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी उलाढालीची मर्यादा एप्रिल २०१९ पासून ४० लाख रुपये झाल्यामुळे असंख्य छोटी दुकाने तिच्या बाहेर आहेत. उरतात मोठ्या साखळ्यांचे वार्षिक अहवाल. ते नियमित असतात, पण त्यांत ‘उघडली’ हा आकडा ठळक छापलेला असतो आणि ‘बंद केली’ हा वाचकाला वजाबाकीने काढावा लागतो.

४. बंद होण्याचे प्रकार

सगळी बंद दुकाने एका रकान्यात टाकली की विश्लेषण संपलेच. निदान पाच प्रकार वेगळे करायला हवेत.

पहिला प्रकार भांडवल आटल्याचा. गिऱ्हाईक असते, पण माल भरायला पैसे नसतात. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या की गिऱ्हाईकही पाठ फिरवते.

दुसरा मालच कालबाह्य झाल्याचा. मुंबईतील काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. त्याच्या नावाला आणि जागेला काही कमी नव्हते, ध्वनिफिती आणि तबकड्या विकत घेण्याची गरजच उरली नव्हती. एसटीडी बूथ, व्हिडिओ लायब्ररी आणि सायबर कॅफे यांचीही हीच गत झाली. अशा वेळी एक दुकान जात नाही, सबंध धंदा जातो.

तिसरा जागेमुळे होणारा : पुनर्विकास, रस्तारुंदी, भाडेवाढ. चौथा वारस नसल्यामुळे होणारा. धंदा चालू असतो, पण पुढची पिढी नोकरीत किंवा परदेशात असते आणि गल्ल्यावर बसायला कोणी नसते. हा प्रकार आकडेवारीत अपयश म्हणून नोंदला जातो. कुटुंबाच्या दृष्टीने तो पुष्कळदा पुढच्या पिढीची उन्नतीच असतो.

पाचवा नुसता पाटी बदलल्याचा. विशाल रिटेल ही साखळी कर्जात बुडाल्यावर २०११ मध्ये टीपीजी आणि श्रीराम समूहाकडे गेली. जुनी मालकी संपली, विशाल मेगा मार्ट हे नाव मात्र राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच नावाची कंपनी शेअर बाजारात आली. उलट बिग बझारच्या अनेक जागांवर २०२२ नंतर स्मार्ट बझारची पाटी लागली. अशा ठिकाणी एक दुकान बंद आणि एक सुरू अशी दुहेरी नोंद होते, प्रत्यक्षात त्याच जागेत तोच व्यवहार चालू राहतो.

५. लाटांचा क्रम

संघटित क्षेत्रातील तीन प्रसंग शेजारी ठेवले की एक क्रम दिसतो : बंद होण्याची लाट उघडण्याच्या लाटेमागून काही वर्षांनी येते.

सुभिक्षा ही साखळी १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झाली. छोटे भाड्याचे गाळे, वातानुकूलन नाही, सजावट नाही आणि कमी किमती हे तिचे सूत्र होते. पहिली काही वर्षे ती बेताने वाढली. पुढे देशभर पसरण्याची घाई झाली आणि २००८ पर्यंत दुकाने सुमारे १,६०० वर गेली. वाढीचा खर्च मुख्यतः कर्जातून होत होता. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात नवा पैसा मिळेनासा झाला आणि २००९ च्या आरंभी सारी साखळी ठप्प झाली. पुरवठादारांची देणी, भाडी आणि पगार थकले. लोकांनी स्वस्त तांदूळ आणि साखर घेणे थांबवले म्हणून सुभिक्षा बुडाली नाही. दुकानांची संख्या खेळत्या भांडवलाच्या पुढे धावली, हे तिचे दुखणे होते.

फ्यूचर समूहाची कथा अधिक लांबीची आहे. बिग बझार २००१ मध्ये सुरू झाले. २०१२ मध्ये कर्ज हलके करण्यासाठी समूहाने पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाला विकले. मात्र त्यानंतर पुन्हा खरेदीचा सपाटा सुरू झाला : २०१४ मध्ये निलगिरीज, मग भारतीची ईझीडे, हेरिटेजची दुकाने आणि २०१७ मध्ये हायपरसिटी. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा विक्री घसरली, पण व्याज आणि भाडे थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सशी ठरलेला व्यवहार ॲमेझॉनच्या हरकतीमुळे न्यायालयीन वादात अडकला. दरम्यान अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले होते. भाडे थकल्यावर २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ८३५ दुकानांचे करार संपुष्टात आणण्यात आले. कंपनीच्याच निवेदनानुसार तिच्या किरकोळ विक्रीतील ५५ ते ६५ टक्के वाटा या दुकानांचा होता. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्याच्या हाती भाडेकरार, त्याच्या हाती दुकान, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसले असेल.

तिसरा प्रसंग रिलायन्स रिटेलचा, आणि तो वेगळ्या जातीचा आहे, कारण ही कंपनी भक्कम आहे. मार्च २०२२ अखेर तिची १५,१९६ दुकाने होती. २०२२-२३ मध्ये ३,३०० हून अधिक नवी उघडली आणि संख्या १८,०४० झाली. म्हणजे साडेचारशेच्या आसपास दुकाने कमी झाली. २०२३-२४ मध्ये १,८४० उघडली, निव्वळ वाढ ७९६ झाली, म्हणजे १,०४४ कमी झाली. २०२४-२५ मध्ये २,६५९ उघडली आणि वर्षअखेर संख्या १९,३४० झाली. निव्वळ वाढ ५०४, म्हणजे कमी झालेली दुकाने २,१५५.

वर्षारंभीच्या संख्येशी प्रमाण काढले तर बंद होण्याचा दर अनुक्रमे सुमारे ३, ५.८ आणि ११.४ टक्के येतो. शेवटच्या वर्षात दुकानांची संख्या वाढली, पण एकूण क्षेत्रफळ ७.९१ कोटी चौरस फुटांवरून ७.७४ कोटींवर आले. फक्त निव्वळ आकडा पाहणाऱ्याला मंद पण सरळ वाढ दिसते. प्रत्यक्षात आधीच्या झपाट्याच्या विस्तारातून नको असलेली दुकाने गाळली जात होती. सुभिक्षाला जे मरणप्राय झाले, ते सक्षम कंपनीला एका वर्षाच्या छाटणीत उरकता आले. फरक भांडवलाचा आहे, क्रम तोच आहे.

हा दोन-तीन वर्षांचा अवकाश का पडतो? पहिल्या वर्षी उद्घाटनाच्या सवलती असतात, पुरवठादार उधारीवर माल देतात, जागामालक सजावटीच्या काळाचे भाडे सोडतो. दुसऱ्या वर्षी कुतूहल ओसरते आणि खरे गिऱ्हाईक किती ते कळते. व्यापारी जागांच्या करारांत ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट असते. ती संपण्याच्या सुमारास भाडेवाढीचा टप्पाही येतो. तोट्यातले दुकान तिथवर रेटले जाते आणि मग सोडले जाते.

विरोधी उदाहरण डीमार्टचे आहे. पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले. मार्च २०१७ अखेर, म्हणजे पंधरा वर्षांनी, संख्या फक्त १३१ होती. पुढे ती मार्च २०२० मध्ये २१४, मार्च २०२३ मध्ये ३२४ आणि मार्च २०२५ मध्ये ४१५ झाली. महामारीच्या काळातही साखळी आकसली नाही. जागा शक्यतो विकत घ्यायची, पुरवठादाराला लवकर पैसे देऊन माल स्वस्तात उचलायचा आणि एका भागात पाय रोवल्यावरच पुढच्या भागात जायचे, अशी तिची रीत आहे. उघडण्याची लाटच नसल्यामुळे मिटण्याचीही आली नाही.

६. जागेचा हक्क : एक गणित

भाड्याचा परिणाम छोट्या दुकानात कसा होतो ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. महिन्याची विक्री तीन लाख रुपये आणि सरासरी नफा १२ टक्के धरला तर हाती ३६,००० रुपये येतात. मदतनीस, वीज आणि किरकोळ खर्च १२,००० आणि भाडे १५,००० वजा जाता दुकानदाराला ९,००० उरतात. आता विक्री दहा टक्क्यांनी घटली. नफा ३२,४०० वर येतो, खर्च तेवढाच राहतो आणि उरतात ५,४००. विक्री दहा टक्के उतरली, पण घरी जाणारा पैसा चाळीस टक्के उतरला.

तेच दुकान स्वतःच्या जागेत असेल तर २४,००० चे २०,४०० होतात, म्हणजे घट पंधरा टक्के. पहिला दुकानदार जागा सोडण्याचा विचार करू लागतो, दुसरा कुरकुरत का होईना टिकतो. दोघांचे गिऱ्हाईक सारखेच कमी झाले आहे. म्हणून समान धक्क्याने एकाच रस्त्यावरची निवडक दुकाने बंद पडतात आणि ती निवड पुष्कळदा कौशल्यापेक्षा जागेच्या हक्काने होते. अर्थात स्वतःच्या जागेचेही भाडे सोडलेले असते. ते खर्चात धरले तर टिकलेली कित्येक दुकाने तोट्यात निघतील. दुकानदार ते धरत नाही, म्हणूनच दुकान चालू राहते.

दक्षिण मुंबईतील पागडीची दुकाने याच नियमाने समजतात. १९४७ च्या भाडेनियंत्रणापासून गोठलेल्या भाड्यांमुळे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथे असे धंदे टिकले, जे बाजारभावाच्या भाड्यात वर्षभरही तगले नसते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांचे हे संरक्षण काढून घेतले, छोट्या भाडेकरूंचे ठेवले. त्यामुळे तिथला छोटा दुकानदार गिऱ्हाइकापेक्षा पुनर्विकासाकडे लक्ष लावून असतो. दुसऱ्या टोकाला मॉलमधला गाळा असतो. तिथे किमान ठरलेले भाडे किंवा विक्रीतला वाटा, यांपैकी जे जास्त ते द्यावे लागते, शिवाय देखभालीचा आकार वेगळा. एक मोठे दुकान गेले की वर्दळ घटते आणि शेजारचे गाळे ओळीने रिकामे होऊ लागतात. नाइट फ्रँक या संस्थेने २०२३ मध्ये आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे असलेले ६४ मॉल मोजले होते, आदल्या वर्षी ते ५७ होते.

टाळेबंदीचा अनुभवही यात बसतो. महाराष्ट्रात किराणा आणि औषधे अत्यावश्यक ठरली. कापड, चपला, भांडी, सोने यांची दुकाने २०२० मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ पासून काही आठवडे बंद राहिली. लग्नसराई आणि गुढीपाडवा, अक्षय तृतीयेचे मुहूर्त सलग दोन वर्षे बुडाले. ज्यांची वर्षाची कमाई मोसमावर असते आणि भाडे मात्र बारा महिने असते, त्यांच्यावर याचा सर्वांत मोठा घाव बसला.

७. दहा मिनिटांची स्पर्धा

आता सध्याच्या वादाकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने आधीच्या वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचे सांगितले आणि याचा दोष दहा-पंधरा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या क्विक कॉमर्सला दिला. महासंघ या लढाईतील एक पक्ष आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा तपासू.

देशात सुमारे १.३ कोटी किराणा दुकाने धरली तर दोन लाख म्हणजे दीड टक्का. वर एका बलाढ्य साखळीचा वार्षिक दर तीन ते अकरा टक्के पाहिला. त्या मानाने दीड टक्का मुळीच भयंकर नाही. शिवाय त्याच वर्षात उघडली किती हे सांगितलेले नसल्याने निव्वळ परिणाम कळत नाही. इथवर महासंघाचा दावा दुबळा वाटतो.

पण त्याचीच विभागणी पाहिली की चित्र पालटते. बंद झालेल्यांपैकी ४५ टक्के दुकाने महानगरांतली होती, जिथे अशी सुमारे १७ लाख दुकाने आहेत. दर झाला पाच टक्क्यांहून थोडा अधिक. लहान शहरांत एक कोटीहून जास्त दुकाने असून बंद झालेल्यांत त्यांचा वाटा २५ टक्के, म्हणजे दर अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. एकाच वर्षात, एकाच धंद्यात दहापट फरक आहे. जिथे क्विक कॉमर्स दाट आहे तिथेच जागेचे भाडेही चढे आहे. त्यामुळे दोन कारणांपैकी कोणाचे किती हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही, पण मागच्या गणितानुसार ती एकमेकांना गुणतात. स्पर्धा विक्रीतले दहा टक्के नेते आणि भाडे त्याचे चाळीस टक्के करते.

याच काळात ब्लिंकिट या क्विक कॉमर्स कंपनीची डार्क स्टोअर्स मार्च २०२४ मधील ५२६ वरून मार्च २०२५ मध्ये १,३०१ झाली. गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेली ही गोदामवजा जागा दुकान म्हणायची का? रस्त्याच्या दृष्टीने नाही, विक्रीच्या दृष्टीने होय. तिला मोजले नाही तर शहरातील व्यापार घटल्यासारखा दिसतो, मोजले तर तो जागा बदलताना दिसतो. मागच्या लाटांचा अनुभव गृहीत धरला तर एका वर्षात अडीचपट होणाऱ्या संख्येतही पुढे छाटणी येईल. तिचे प्रमाण किती, हे या जागांचे भाडे आणि कंपन्यांची रोकड ठरवेल.

८. निष्कर्ष

या विवेचनातून चार गोष्टी हाती लागतात. दुकानांचा साठा स्थिर दिसतो, पण त्याखाली प्रवाह मोठा असतो. बंद होण्याची लाट उघडण्याच्या लाटेमागून येते आणि तिचा आकार आधीच्या घाईवर अवलंबून असतो. समान धक्क्यात कोण टिकेल हे ठरवण्यात जागेच्या हक्काचा वाटा मोठा असतो. आणि ‘बंद’ या एका शब्दाखाली किमान पाच निरनिराळ्या घटना येतात, ज्यांचे उपायही निरनिराळे आहेत. मालच कालबाह्य झाला असेल तर कर्जमाफीने काही साधत नाही, भाड्याने गळा आवळला असेल तर डिजिटल प्रशिक्षणाने साधत नाही.

धोरणासाठी पहिली गरज मोजणीची आहे, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. व्यापारी वीजजोडण्या किती घेतल्या आणि किती तोडल्या, याची नोंद वीज कंपन्यांकडे असते. गाळ्यांच्या भाडेकरारांची नोंदणी मुद्रांक विभागाकडे असते, मालमत्ता कराची आकारणी पालिकेकडे. दुकानदारांची नावे वगळून ही माहिती प्रभागवार जुळवली तर दर वर्षी किती उघडली, किती मिटली, मिटलेली किती वर्षांची होती आणि भाड्याची होती की मालकीची, हे सांगता येईल. आज वाद ‘किती बंद पडली’ यावर चालतो. त्याऐवजी ‘बंद पडलेली कधी आणि कोणत्या अटींवर उघडली होती’ असे विचारता आले, तर पुढची लाट येण्याआधी दोन-तीन वर्षे तिचा अंदाज बांधता येईल.